अष्टमीला मोजलेली पायरी

“बोट धक्क्याला लावा,” मी जिन्याच्या डोक्यावरून ओरडले. “सव्वापाच वाजलेत. फेरी पाचची आहे.”

कारवली खाडीच्या मधोमध फेरीबोट उभी होती. चाळीसेक माणसं त्यात बसलेली स्पष्ट दिसत होती, पण बोट काही हलेना. माझा पारा चढला. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईहून समिती येणार होती, जनसुनावणी होणार होती, दारावर तोरण बांधून झालं होतं, आणि हा सारंग खाडीत बोट उभी करून बसला होता. सारंग म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य माणूस. नाव कासम होडेकर. सगळं गाव त्यांना कासमचाचा म्हणायचं. मी मात्र कागदावर ‘सदर सारंग’ म्हणत असे, कारण त्यांच्याविरुद्धची पहिली तक्रार माझ्याच हातची होती.

माझी बाजूही सांगते. मी हेमलता बिराजदार, बंदर विभागातली कनिष्ठ अभियंता, वय वर्षं अठ्ठावीस, सोलापूरकडची. आमच्याकडे पाणी दिसतं ते टँकरमध्ये. नोकरीने मला समुद्रावर आणून टाकलं, आणि पहिल्या वर्षभरातच मी कारवलीचा नवा धक्का आणि प्रवासी इमारत उभी केली. उभी केली म्हणजे कशी? राखेच्या विटा, छपरावर सूर्याची वीज, पागोळ्यांचं पाणी जमिनीखालच्या टाकीत, आणि खिडक्या अशा बेताने ठेवलेल्या की भर मे महिन्यात आत पंखा लावावा लागत नसे. हरित इमारतीचं पाच ताऱ्यांचं प्रमाणपत्र मिळालेला कोकणातला तो आमच्या विभागाचा पहिला धक्का. दाराशी पाटी होती, पाटीवर पाच पितळी तारे होते, आणि जाता-येता मी ते रुमालाने पुसत असे. खोटं कशाला बोलू? बाळंतिणीने बाळाकडे बघावं तशी मी त्या इमारतीकडे बघायची.

आणि या बाळाला गालबोट लागलं होतं. बोट वेळेवर येत नाही, अशा तक्रारी मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. वर्षभरात शहाऐंशी फेऱ्या चुकल्या. फेरी चुकली की पलीकडच्या सावरखोलच्या माणसांना अडतीस किलोमीटरचा वळसा घालून यावं लागे. सरकारने जाब विचारला. आमच्या कार्यालयाने उत्तर दिलं, ‘सारंगाची हलगर्जी.’ उद्याच्या सुनावणीत त्या उत्तरावर शिक्का बसला की चाचांचा परवाना जाणार होता. एकतीस वर्षं बोट चालवलेल्या माणसाचा, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. करावं तसं भरावं, असं मी मनात म्हणत होते.

तर मी तणतणत जिना उतरायला लागले. पाण्याच्या काठाशी जाऊन या माणसाला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून. सतरा पायऱ्या होत्या. सतराव्या पायरीवर पोचले आणि थांबले.

खाली पाणीच नव्हतं.

पायरी संपत होती, तिच्याखाली पुरुषभर नाही पण कंबरभर उंचीचा उघडा दगड होता, आणि त्याच्यापुढे काळा, चकाकणारा चिखल. वीस पावलांपर्यंत नुसता चिखल, मग कुठे पाणी. आणि त्या चिखलातून माणसं येत होती. बोटीजवळून एक छोटी होडी पाच-सहा जणांना घेऊन काठाकडे यायची, तीही मध्येच रुतायची, मग माणसं खाली उतरायची. कॉलेजातल्या मुली चपला हातात धरून, ओढण्या कमरेला खोचून येत होत्या. मासळीवाली ताराबाय खडपे डोक्यावर पाटी घेऊन मांडीभर चिखलातून पाऊल उपसत होती. आणि कासमचाचा होडीच्या तोंडाशी चिखलात उभे होते. खाकी विजार चिखलाने माखलेली. ते एकेकाला हात देत होते, दगडावर चढवत होते, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते.

“टेकला पाय?”

“टेकला,” माणूस म्हणायचा, आणि मगच ते हात सोडायचे.

शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्या गुरुजींना पाठुंगळी घेतलं. स्वतः सत्तावन्न वर्षांचे. मला तिथे बघून लाजल्यासारखं हसले. गुरुजींना पायरीवर उतरवलं, त्यांनाही विचारलं, “टेकला पाय?” गुरुजी म्हणाले, “टेकला बाबा.” मग चाचा माझ्याकडे वळले आणि चिखलाचा हात कपाळाला लावून सलाम केला.

सुनवायचं बाजूलाच राहिलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “हे रोज असंच?”

“रोज नाय, म्याडम. उधाणाला. पुनव-अवस आली का चार दिवस इकडचे, चार दिवस तिकडचे. सकाळची पयली फेरी आनी संध्याकाळची. भर दुपारी पानी वर असता, तवा कायच दिसत नाय.”

“मग आम्ही येतो तेव्हा…”

ताराबायने पाटी खाली ठेवली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही येता अकराला, जाता तीनला. सरकारी टायमात समुद्र शानाच वागतो, बाय. तुमच्या इमारतीत पावसाचं पाणी उतरतं, सूर्याची वीज उतरते. माणूस तेवढा उतरत नाय.”

 मी चाचांकडे बघितलं. म्हटलं, “होडीतून माणसं उतरवता, मग शहाऐंशी फेऱ्या चुकल्या कशा?”

“वारा असला, पोरंबाळं असली, कोन आजारी असला, का चिखलात उतरवत नाय. मधीच थांबतो. दीड तास, दोन तास. पानी चढला का आनतो. वहीत ती फेरी चुकली म्हनून लागते.” त्यांनी विजारीवरचा चिखल निपटला. “काय करनार? माझ्या भरवशावर बसलेली मानसा. चिखलात टाकून कसा जानार?”

म्हणजे आमच्या कार्यालयाने ज्याला हलगर्जी म्हटलं होतं, ती ही.

“हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा. माणसाला अपराधी वाटायला लागलं की तो आधी आवाज चढवतो.

चाचा खाली बघत म्हणाले, “सांगितलेला, म्याडम. तुमास आठवत नसंल.”

आठवत नसेल कसं? त्यांनी म्हटलं आणि लख्ख आठवलं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. मी नवी नवी रुजू झालेली. शेवटची पायरी कुठवर न्यायची हे ठरवायला ओहोटीची सर्वांत खालची पातळी मोजायची होती. खाडीची खोली बघायला मला चाचांच्याच होडीत बसावं लागलं. पोहता येत नाही, होडी डुलतेय, मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली, तोंडाने मात्र अखंड हुकूम सोडतेय. दुपारी सव्वाबाराला ओहोटी पूर्ण झाली. मी दुर्बीण लावून पातळी घेतली, फील्डबुकात लिहिली. तेव्हा चाचांनी बोटीतला एक लांब बांबू पुढे केला. जुन्या धक्क्याच्या डोक्यावर एक लोखंडी कडं आहे, नव्या कामातही आम्ही ते तसंच ठेवलं. त्या कड्याला बांबूचं टोक लावून खाली सोडायचा, आणि वर्षातलं पाणी सर्वांत खाली जाईल तिथे चाकूने खाच पाडायची, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. ते म्हणाले होते, “बाय, आज अष्टमी. आज भांग हाय, म्हंजे उधानाच्या उलटा, पानी पुरता उतरतच नाय. पुनवेला येऊन मोजा. नायतर हा बांबू बघा.”

आणि मी हसून म्हणाले होते, “चाचा, समुद्र तुमचा, पण गणित माझं.”

बरोबरचे दोघे-तिघे हसले होते. मला माझं वाक्य फार आवडलं होतं. महिनाभर मी ते कार्यालयात सगळ्यांना ऐकवत होते.

त्या संध्याकाळी जीपने कार्यालयात परतले आणि कपाट उघडलं. फील्डबुक जागेवर होतं. नऊ फेब्रुवारी, दुपारी सव्वाबारा, किमान पातळी, खाली माझी झोकदार सही. जुनं कॅलेंडर शोधून काढलं. नऊ फेब्रुवारी, अष्टमी. मग चुकलेल्या फेऱ्यांची यादी घेतली, जी मीच चाचांविरुद्ध म्हणून टाइप केली होती, आणि एकेक तारीख त्या वर्षाच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपत गेले. पांढरा चंद्र आणि काळा चंद्र यांच्या आजूबाजूला टिंबांची गर्दी झाली. अष्टमीच्या आसपास एकही टिंब नाही. सोलापुरात आमची आजी तिथी बघून उपास करायची, तेव्हा मी तिला हसत असे. इथे अख्खी खाडी तिथीवर चालत होती आणि अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मी तेवढं एक कॅलेंडर उलटून बघायला विसरले होते. भरती-ओहोटीचं सरकारी पुस्तकही त्याच कपाटात होतं. त्याच्यावरचा कागदसुद्धा मी फाडला नव्हता.

सकाळी आठ वाजता मी ते सगळं घेऊन सरनोबत साहेबांकडे गेले. सरनोबत म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. माणूस वाईट नाही, मी आजही सांगते. माझ्या वडिलांच्या वयाचे, मला ‘बेटा’ म्हणायचे, माझी इमारत त्यांनीच पुरस्कारासाठी पाठवली होती. त्यांनी फील्डबुक पाहिलं, कॅलेंडर पाहिलं, चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मला चहा पाजला आणि समजावलं. आज समितीने होकार दिला की हाच नकाशा आणखी नऊ खाड्यांवर नमुना म्हणून जाणार होता. माझं नाव त्या नकाशावर होतं. अशी संधी तीस वर्षांत एखाद्याला मिळते.

“पायऱ्या आपण पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत वाढवून घेऊ,” ते म्हणाले. “गुपचूप. पण आज हे बाहेर काढू नकोस. फील्डबुकाला वाळवी लागली म्हणायचं. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे, बेटा. तो म्हातारा चार महिन्यांत घरी जाणारच आहे.”

मी मान डोलावली की नाही, मला आठवत नाही. बहुतेक डोलावली असावी. फील्डबुक मात्र पिशवीत टाकून घेतलं.

साडेअकराला समिती आली तेव्हा खाडीने असं काही रूप धरलं होतं की बघत राहावं. पौर्णिमेची भरती, पाणी थेट वरच्या पायऱ्यांना लागलेलं, निळंभोर. चाचांनी बोट अशी अलगद लावली की पेल्यातलं पाणी सांडलं नसतं. अध्यक्ष नाडगौडा मॅडम सावरखोलचा काठ बघून त्याच बोटीने आल्या. चाचांनी त्यांना हात दिला, पायरीवर घेतलं आणि सवयीने विचारलं, “टेकला पाय?” मॅडमना मौज वाटली. त्या म्हणाल्या, “टेकला.” चाचांनी स्वतःचा परवाना काढून घ्यायला आलेल्या बाईंचा हात तेव्हाच सोडला.

सभागृह भरलं होतं. दोन्ही काठांची माणसं, मासळीवाल्या, कॉलेजच्या मुली. पंखे बंद, तरी आत गारवा होता, आणि मॅडम आत शिरताच म्हणाल्या, “किती सुंदर काम केलंय.” एरवी मी हवेत तरंगले असते. त्या दिवशी तो शब्द अंगाला टोचला.

सरनोबत साहेबांनी कार्यालयाचं म्हणणं वाचलं. इमारत सर्व निकषांत बसते. धक्का सर्व भरती-ओहोटीत वापरण्यायोग्य. फेऱ्या चुकण्याचं कारण सारंगाची हलगर्जी. मागून ताराबायचा आवाज आला, “चोर सोडून संन्याशाला फाशी.” थोडी कुजबुज झाली. मॅडमनी हात वर केला आणि चाचांना विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

चाचा उभे राहिले. धुतलेली खाकी, डोक्याला पांढरी टोपी. त्यांच्या हातात होतं ते एक वाक्य. ‘या बाईंनी अष्टमीला मोजलं,’ एवढंच. सगळी सभा त्यांची होती, ताराबाय साक्षीला होती. मी पिशवीवर हात घट्ट धरून बसले होते, दोन वर्षांपूर्वी होडीतली फळी धरली होती तशी.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “फेऱ्या चुकल्या ह्या खरा हाय, म्याडम. दोष कुनाचा, ता मी नाय सांगनार.”

आणि खाली बसले.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. पेन कागदावर चालल्याचा आवाज मला ऐकू येत होता. त्या माणसाने बोलून टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी रडले असते, रागावले असते, स्वतःचा बचाव केला असता. त्याने काहीच केलं नाही, आणि आता सगळं माझ्यावर येऊन पडलं होतं. भरतीच्या पाण्याखाली काय नाही, हे त्या खोलीतल्या सरकारी माणसांत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक माझ्याकडे बघून मानेने ‘नको’ म्हणत होता.

मी उभी राहिले.

“मॅडम, दोष माझा आहे.”

सरनोबत साहेब हलक्या आवाजात म्हणाले, “बिराजदार, बसा.” मी बसले नाही.  बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

मी चाचांना म्हटलं, तुमचा बांबू आणता का? त्यांनी काही न विचारता खलाशाला खूण केली. बांबू आला, खूप लांब, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. मी तो समितीच्या टेबलावर आडवा ठेवला. दोन्ही बाजूंनी तो टेबलाबाहेर गेला. नकाशातलं माप बघितलं, कड्यापासून शेवटच्या पायरीपर्यंतचं अंतर टेपने बांबूवर घेतलं आणि खडूने रेघ मारली. मग मॅडमना सांगितलं की दरवर्षीची सर्वांत खालची ओहोटी या बांबूवर खाचेने नोंदलेली आहे. कृपया मोजा.

मॅडम उठून जवळ आल्या. त्यांनी बोटाने एकेक खाच मोजली. एकतीस खाचा होत्या. सगळ्या खडूच्या रेघेच्या पलीकडे, सुमारे तीन फूट खाली, एकमेकींना चिकटून. एकही अलीकडे नव्हती.

“म्हणजे उधाणाच्या ओहोटीला तुमची पायरी पाण्यापर्यंत पोचतच नाही,” त्या सावकाश म्हणाल्या.

“नाही. तीन फूट वर राहते, आणि पुढे वीस पावलं चिखल. काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलं.” मी यादी आणि कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवलं. “आणि या चुकलेल्या फेऱ्या. सगळ्या पुनव-अवसेच्या आसपास आहेत. हलगर्जी करणारा माणूस चंद्र बघून हलगर्जी करतो का, मॅडम?”

मागे कुणीतरी हसलं.

“हे मोजमाप कुणी केलं होतं?”

“मी.” फील्डबुक उघडून तारीख दाखवली. “अष्टमीला. त्या दिवशी पाणी उतरत नाही. इथल्या लहान पोरालाही ते कळतं, मला कळलं नाही.”

“त्या वेळी कुणी सावध केलं नव्हतं?”

“केलं होतं. कासम होडेकरांनी. हाच बांबू त्यांनी माझ्यापुढे धरला होता. मी त्यांची चेष्टा केली.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आणि त्यांच्याविरुद्ध पहिली तक्रार?”

“ती पण माझीच.”

 मग मी उरलेलंही सांगून टाकलं. हरित प्रमाणपत्रात पाच गुण सार्वजनिक वाहतुकीच्या सोयीसाठी मिळालेत. महिन्यातून अर्धे दिवस सकाळ-संध्याकाळ बोट लागत नसेल तर ते गुण आमचे नाहीत, ते परत घ्यावेत. आणि हा नकाशा नऊ खाड्यांवर पाठवण्याआधी प्रत्येक ठिकाणी पुनवेला आणि अवसेला जाऊन मोजावं, तिथल्या सारंगाला विचारून.

“याचे परिणाम ठाऊक आहेत ना तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

“आहेत,” मी म्हटलं. खरं तर धड ठाऊक नव्हते. पण छाती अशी भरून आली होती की त्या क्षणी कुणी समुद्रात उडी मार म्हणालं असतं तरी मारली असती, पोहता येत नसताना.

परिणाम झाले. चाचांवरचा ठपका त्याच दिवशी, भर सभेत, काढून टाकला गेला. नऊ नकाशे थांबले आणि नव्याने मोजले गेले. त्यांतल्या सात ठिकाणी पायऱ्या वाढवाव्या लागल्या. आमचा पुरस्कार गेला, पाटीवरचा एक तारा गेला. मला लेखी ताकीद मिळाली आणि मुंबईला बदली झाली, जुन्या नकाशांच्या भांडारात. सरनोबत साहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. निवृत्त झाले त्या दिवशी मात्र त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, “बेटा, मला ते जमलं नसतं.” एवढंच म्हणून फोन ठेवला.

आज मी अधीक्षक अभियंता आहे. माझ्या खोलीत येणाऱ्या नव्या पोरापोरींना भिंतीवर चौकटीत लावलेला एक कागद दिसतो, आणि त्यांना वाटतं मानपत्र असेल. जवळ जाऊन वाचतात आणि गोंधळतात. ती माझी ताकीद आहे. ‘मोजमापातील गंभीर चूक स्वतः कबूल केल्याबाबत नोंद घेण्यात येत आहे,’ असं तिच्यात एक वाक्य आहे. लिहिणाऱ्या बाबूने ते कसं लिहिलं देव जाणे, पण सेवापुस्तकात माझ्याबद्दल लिहिलेलं याहून चांगलं काही नाही. बाकी सगळं ‘समाधानकारक’ आहे.

पण बदलीच्या आधी एकदा कारवलीला गेले, तेवढं सांगून संपवते.

चाचांचा निवृत्तीचा आठवडा होता. पायऱ्या वाढवून झाल्या होत्या, सतराच्या तेवीस, आणि पुढचा चिखलही उपसून झाला होता. मी मुद्दाम पुनव निवडली, मुद्दाम संध्याकाळची वेळ निवडली, आणि सावरखोलहून पाचच्या बोटीत बसले. ताराबायने सरकून जागा दिली आणि “अष्टमी, बस इथं,” म्हणाली. गावाने मला तेच नाव ठेवलं होतं. मी निमूट बसले. ओहोटी पार तळाला गेली होती. बोट सरळ गेली आणि तेविसाव्या पायरीला लागली. माणसं चपला घालूनच उतरायला लागली.

मी सगळ्यांत शेवटी उठले. चाचांना विचारायचं होतं ते चार महिने पोटात होतं. “त्या दिवशी सभेत तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत? तुमचा परवाना जाणार होता. एक वाक्य बोलला असतात तर…”

त्यांनी मला उतरवायला हात पुढे केला होता. तो तसाच धरून ते म्हणाले, “तू मोजायला आलेलीस तवा माझ्या होडीत बसलेलीस, बाय. घाबरलेलीस किती, म्या बगितला ना. मग चुकलीस, आनी तशीच मधी अडकून रायलीस दोन वर्सा. तुझा पाय अजून टेकला नव्हता. आनी माझ्या होडीतल्या मानसाचा हात मी मधीच सोडू?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. तेविसाव्या पायरीवर पाऊल ठेवलं. दगड ओला होता, पण पक्का होता. चाचांनी हात सोडला नाही.

“टेकला पाय?”

“टेकला, चाचा,” मी म्हटलं, आणि मग त्यांनी सोडला.